गॅरेजवरची खोली गार पडते? आधी फटी बुजवा, मग इन्सुलेशन

आमच्या घरात गॅरेजच्या बरोबर वर एक बेडरूम आहे. पहिल्या हिवाळ्यात आई साताऱ्याहून आली तेव्हा हौसेनं तीच खोली तिला दिली, मोठी आहे, दोन खिडक्या आहेत, ऊन येतं म्हणून. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर आई पलंगाच्या मधोमध मांडी घालून बसलेली, पायात दोन-दोन मोजे, अंगावर शाल, डोक्याला कानटोपी, आणि म्हणे "खाली पायच ठेववत नाही गं, फरशी आहे का बर्फाची लादी?" थर्मोस्टॅट ७० वर होता. लेझरवाला थर्मामीटर आणून बघितलं तर पॅसेजची जमीन ६७ फॅरनहाइट, त्या खोलीची ५४, आणि बाहेरच्या भिंतीच्या कडेला ४९.

आम्ही मिशिगनमध्ये, डेट्रॉईटच्या बाजूला नोवायला राहतो (स्पेलिंग वाचून सगळे नोवी म्हणतात, गावाचे लोक नोवाय म्हणतात). पुण्यात पार्किंगच्या वरचा फ्लॅट म्हणजे फारतर सकाळी स्कूटरचे आवाज, इथे जानेवारीत बाहेर १० डिग्री फॅरनहाइट असताना गॅरेजपण पाण्याचा बर्फ होईल इतकं गार असतं आणि त्या गॅरेजचं छत म्हणजेच वरच्या खोलीची जमीन. अमेरिकेत, कॅनडात अशी घरं ढिगानी आहेत त्यामुळे हा प्रॉब्लेम बऱ्याच जणांचा असणार, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आधी माझा गाढवपणा. मी सगळ्यात पहिलं काय केलं तर गॅरेजच्या दाराला लावायचं फोम पॅनेलचं किट आणलं, अख्खा शनिवार-रविवार घालवून ते कापून चिकटवलं, आणि वरच्या खोलीत अर्ध्या डिग्रीचाही फरक पडला नाही. पडणार कसा, गॅरेजमध्ये मुळात हीटर नाही, दाराच्या चारी बाजूंनी वारा येतो, मग अडवायचं काय? अडवायचं असतं ते वर, छतात.

मग छताला एक भोक पाडलं. हे तुम्ही पण करा, कुठलाही खर्च करायच्या आधी. ब्रेकर बंद करायचा, स्टड फाइंडरने (आतलं लाकूड शोधायचं यंत्र) दोन जॉईस्टच्या, म्हणजे जमीन पेलणाऱ्या लाकडी तुळयांच्या, मधली जागा शोधायची आणि ड्रायवॉलच्या (छताला लावलेल्या जिप्सम बोर्डच्या) आरीने ८ बाय ८ इंचाचा चौकोन कापायचा, आरी फार आत घालायची नाही कारण वर वायर किंवा पाइप असू शकतो. फोनचा टॉर्च लावून बघितलं तर गुलाबी फायबरग्लासची गादी होती की! म्हणजे बिल्डरने इन्सुलेशन घातलं होतं, पण ते ड्रायवॉलवर आरामात पडलेलं होतं आणि त्याच्या वर, प्लायवूडच्या खाली, पोकळी. हिशोब करा: आमचे जॉईस्ट २ बाय १० चे, म्हणजे प्रत्यक्षात सव्वानऊ इंच खोल, आणि गादी होती आर-१९ ची (आर-व्हॅल्यू म्हणजे ऊब अडवायची ताकद, आकडा मोठा तितकी जास्त), सव्वासहा इंच. राहिले तीन इंच. त्या तीन इंचात हात घातला तर वारा लागत होता, खरंच वारा, पंख्यासमोर हात धरल्यासारखा. बाहेरच्या भिंतीकडून आत शिरायचा आणि गादीच्या वरून, जमिनीच्या खालून, सरळ घरात. गोधडी घेतली पण अंगापासून तीन इंच लांब टांगली आणि मधून वारा सोडला तर ऊब कुठून येणार.

त्यामुळे या सगळ्या कामाचं सार दोनच गोष्टींत आहे. इन्सुलेशन वरच्या जमिनीच्या प्लायवूडला खालून चिकटून बसलं पाहिजे, आणि त्याच्या आधी वाऱ्याच्या सगळ्या वाटा बंद झाल्या पाहिजेत. बाकी आर-व्हॅल्यू किती, कुठल्या कंपनीचं, गुलाबी की पिवळं, हे नंतर.

वाटा शोधायला माझ्याकडे फॅन्सी काही नव्हतं, उदबत्ती होती. वारा सुटलेला दिवस बघायचा, घराच्या खिडक्या बंद, बाथरूमचे एक्झॉस्ट, किचनची चिमणी आणि कपड्यांचा ड्रायर सगळं चालू करायचं म्हणजे घर बाहेरची हवा ओढायला लागतं, आणि मग वरच्या खोलीत बेसबोर्डच्या (भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीच्या) कडेने, प्लगच्या बोर्डांपाशी, हीटिंगच्या जाळीभोवती उदबत्ती हळूहळू फिरवायची. धूर जिथे आडवा होतो तिथे पेन्सिलीने फुली. माझ्या अकरा फुल्या झाल्या. फक्त ही उदबत्ती वरच फिरवा, खाली गॅरेजमध्ये नको, तिथे पेट्रोलचा कॅन, गवत कापायचं मशीन, काय काय असतं.

तुमची खोली जर उतरत्या छपराखालची असेल, म्हणजे दोन बाजूंना चार-पाच फुटांच्या बुटक्या भिंती आणि त्यांच्या मागे पोटमाळा, तर थांबा. तिथे बऱ्याचदा चोर खाली नसतो, त्या बुटक्या भिंतीच्या खाली असतो. जमिनीचे जॉईस्ट भिंतीखालून तसेच पोटमाळ्यात जातात आणि त्यांची तोंडं उघडी असतात, हिवाळ्यात पोटमाळ्याची गार हवा सरळ जमिनीखाली. प्रत्येक दोन जॉईस्टच्या मध्ये, भिंतीच्या बरोबर खाली, फोम बोर्डचा तुकडा बसवून कडा फोमने सील करायच्या. हे काम पोटमाळ्यातून होतं, गॅरेजचं छत फोडावं लागत नाही, आणि काही जणांचं एवढ्यावरच भागतं.

आता नियम, कारण इथे खेळ आगीचा आणि विषारी वायूचा आहे. गॅरेजच्या वर राहती खोली असेल तर इथल्या रेसिडेन्शियल कोडप्रमाणे छताला किमान ५/८ इंचाचा टाइप एक्स, म्हणजे आगीत जास्त वेळ टिकणारा, ड्रायवॉल लागतो, साधा अर्ध्या इंचाचा चालत नाही. आणि त्या छताचं वजन ज्या भिंतींवर आहे त्यांना अर्धा इंच. गॅरेजमध्ये गाडीला आग लागली तर वरच्यांना बाहेर पडायला वेळ मिळावा म्हणून हे आहे. म्हणजे "गादी कोंबली, वर जाळी मारली, दिसतंय तर दिसू दे" असलं इथे करायचं नाही. कागद लावलेली गादी उघडी ठेवली तर तो कागदच पेट घेतो, आणि फोम बोर्ड उघडा ठेवणं त्याहून वाईट. गावाच्या बिल्डिंग डिपार्टमेंटला आधी फोन करा, परमिट लागत असेल तर घ्या, आणि इन्स्पेक्टर ड्रायवॉल लावायच्या आधी येऊन आतलं बघतो हे डोक्यात ठेवून दिवस ठरवा. आर-व्हॅल्यूचं म्हणाल तर दक्षिण मिशिगन क्लायमेट झोन ५ मध्ये येतं, तिथे जमिनीखाली आर-३० धरतात, झोन ४ ला आर-१९. तुमची काउंटी कुठल्या झोनमध्ये आहे ते ऑनलाइन दोन मिनिटांत कळतं.

छत आधीच बंद असेल तर दोन रस्ते. एक म्हणजे प्रत्येक खणात, दोन जॉईस्टच्या मधल्या जागेत, दोन-अडीच इंचाचं भोक पाडून सेल्युलोज दाबून भरायचं, म्हणजे जुना कागद बारीक पिंजून केलेला कापूस असतो तसा, घनफुटाला साधारण साडेतीन पाउंड इतका घट्ट, की हवा त्यातून जवळजवळ जातच नाही. हे चांगलं आहे, पसारा कमी, पण दुकानातून भाड्याने मिळणाऱ्या मशीनला बऱ्याचदा तेवढा दाब येत नाही आणि मग वर्षभरात ते खाली बसतं आणि वर परत पोकळी, म्हणजे आपण जिथे होतो तिथेच. हा रस्ता घ्यायचा तर माणूस बोलवा. दुसरा रस्ता सगळं छत काढायचं. मी दुसरा घेतला, कारण आमच्या छतातून बाथरूमचा पाण्याचा पाइप जातो, आणि तो कुठे कसा आहे ते मला डोळ्यांनी बघायचं होतं. स्प्रे फोमवाल्यांचं कोटेशन पण घेतलं होतं, त्यातल्या घट्ट प्रकाराला, क्लोज्ड सेलला, इंचाला आर-६ च्या वर मिळतो आणि फट पण एकाच वेळी बंद होते, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात भारी, पण आकडा ऐकून मी फोन ठेवला.

छत काढायच्या आधी दोन गोष्टी बघा. घर १९८० च्या आसपासचं किंवा त्याआधीचं असेल तर जुन्या ड्रायवॉलच्या पुट्टीत, खरबरीत छताच्या थरात ॲस्बेस्टॉस असू शकतं, आणि आत चमकदार राखाडी-सोनेरी खड्यांसारखं काही भरलेलं दिसलं तर ते व्हर्मिक्युलाइट, त्यातलं खूपसं मोंटानाच्या लिबी इथल्या खाणीतून यायचं जिथे ॲस्बेस्टॉस मिसळलेलं होतं, ती खाण १९९० मध्ये बंद झाली. हात लावू नका, सॅम्पल लॅबला पाठवा. आमचं घर १९९८ चं, त्यामुळे ती भीती नव्हती, पण उंदरांनी गादीत संसार थाटला होता. लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत, ब्लीचच्या पाण्याने भिजवून, मास्क-ग्लोव्हज घालून पुसून घ्यायच्या, कारण त्या धुळीतून हंटाव्हायरस पसरतो.

गॅरेज रिकामं करणं हेच एका वीकेंडचं काम आहे. गणपतीचं मखर, मुलांच्या लहानपणीच्या सायकली, दोन तुटके सोफे, सगळं शेजाऱ्याच्या ड्राइव्हवेवर. दार उघडणाऱ्या मोटरचा, म्हणजे ओपनरचा, प्लग काढा, दार खाली ठेवा, ओपनर उतरवून ठेवा, पण दाराच्या वरच्या जाड स्प्रिंगला अजिबात हात लावू नका, त्यात जीव जाईल इतका ताण असतो. एन-९५ मास्क, गॉगल, पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाला टेप, डोक्याला हेडलॅम्प. जुनी गादी डोक्यावर पडते तेव्हा पंचवीस वर्षांची धूळ, मेलेल्या माश्या आणि एक टेनिस बॉल पण पडतो, तो तिथे कसा गेला हे आजपर्यंत कळलेलं नाही.

छत उघडं झालं की मुख्य काम, फटी. घाई करू नका, मला यात सलग दोन वीकेंड लागले आणि गादी बसवायला फक्त एक.

सुरुवात रिम जॉईस्टपासून, म्हणजे जॉईस्टची टोकं जिथे बाहेरच्या भिंतीवर टेकतात तिथली उभी फळी. प्रत्येक खणात २ इंच जाड फोम बोर्डचा तुकडा, चारी बाजूंनी पाव इंच कमी कापायचा, फळीला टेकवायचा आणि कडेने गनमधला फोम मारायचा. तंतोतंत मापात कापायचा मोह होतो पण मग फोम आत शिरायला जागा उरत नाही. गनवाला फोमच घ्या, नळीवाल्या डब्याने मनगट मोडतं आणि एकदा थांबलं की डबा वाया. डोक्याला टोपी घाला हो, माझ्या केसांत फोमचा गोळा पडला आणि वाळल्यावर तो कशानेच निघत नाही, कात्रीच लागली.

मग गॅरेज आणि घर यांच्या मधली भिंत. ही सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी जागा. आमचे जॉईस्ट त्या भिंतीवरून तसेच पुढे किचनच्या छतात जात होते, आणि भिंतीच्या वर प्रत्येक दोन जॉईस्टच्या मध्ये उघडी खिडकीच. म्हणजे गॅरेजची हवा किचनच्या डोक्यावर, आणि हवेबरोबर गाडीचा धूर, कार्बन मोनॉक्साइड, पेंटचे डबे, पेट्रोलचा वास. ऊब जाऊ दे, या एका कारणासाठी सुद्धा ही खिडकी बंद झाली पाहिजे. तिथे मी फोम न वापरता लाकडाचे ठोकळे बसवले, २ बाय १० चेच तुकडे खणात ठोकून, आणि चारी कडांना फायर-रेटेड सीलंट. वायरी आणि पाइप जिथून वर जातात ती भोकं पण फायरब्लॉकवाल्या केशरी फोमने किंवा त्याच सीलंटने भरायची. बाथटबच्या ड्रेनसाठी प्लंबरने प्लायवूडला कापलेलं चौकोनी भोक तर माझं डोकं जाईल एवढं होतं, तिथे आधी पत्रा ठोकला आणि कडा सील केल्या. फळ्यांच्या जोडावर, प्लायवूडच्या शिवणीवर पण सीलंटची एक रेघ. हे झालं की परत वर जाऊन उदबत्ती. माझ्या अकरातल्या नऊ फुल्यांचा धूर सरळ वर जायला लागला, आणि अजून एक इंच इन्सुलेशन घातलेलं नव्हतं!

हीटिंगच्या हवेचे डक्ट जात असतील तर त्यांचे जोड मॅस्टिकने (जोड बुजवायची दाट लुकण) लिंपायचे, चांगलं हाताने घासून, शेणाने जमीन सारवल्यासारखं (कापडी डक्ट टेप यासाठी नसतेच, दोन वर्षांत सुटते). आणि गॅरेज ऊबदार व्हावं म्हणून डक्टला गॅरेजमध्ये जाळी काढून देण्याची आयडिया कोणी सुचवली तर ऐकू नका, कोड ते चालू देत नाही आणि बरोबरच आहे, गॅरेजची हवा त्यातून घरभर फिरेल.

पाण्याचा पाइप. इथे चूक झाली तर जानेवारीत छत फोडून पाणी. पाइप जमिनीच्या बाजूला, ऊबेत राहिला पाहिजे, म्हणजे इन्सुलेशन सगळं पाइपच्या खाली, आणि पाइप व वरची जमीन यांच्या मध्ये काही नाही. तिथे गादी मध्ये चिरून पाइपच्या वर कोंबली की पाइप थंडीत गेला समजा. आमचा पाइप प्लायवूडपासून दीड इंच खाली होता, त्या एका खणात मी पाइपच्या खाली फोम बोर्ड लावून कडा सील केल्या आणि त्याखाली गादी, वर मुद्दाम रिकामं. सगळ्या छतात वर पोकळी चालेल अशी ती एकच जागा, कारण ती चारी बाजूंनी बंद आहे.

आता गादी. हिला इथे बॅट म्हणतात, दुकानात पहिल्यांदा विचारताना मला उगीच क्रिकेट आठवत होतं. मी रॉकवूल घेतलं, दगडाची लोकर, आर-३० सव्वासात इंचात मिळते. फायबरग्लासपेक्षा महाग, पण कडक असते त्यामुळे दोन जॉईस्टच्या मध्ये आपली आपण अडकून बसते, आग झेलते, आणि पाव कापायच्या करवती सुरीने सुरेख कापली जाते (ती सुरी परत किचनमध्ये आणायची नाही, घरच्यांनी मला आणू दिली नाही). फायबरग्लास पण चालतं, आर-३० साधारण साडेनऊ इंच असतं, २ बाय १० मध्ये अगदी भरून बसतं. जॉईस्ट १६ इंचावर असतील तर १५ इंच रुंदीची, २४ वर असतील तर २३ ची घ्यायची. कागदवाली घेतलीत तर कागद ऊबेच्या बाजूला, म्हणजे वर जमिनीकडे. लोक खालून स्टेपल मारता यावं म्हणून कागद खाली करतात, ते गार प्रदेशात उलटं आहे. प्लायवूड स्वतःच बाष्प बऱ्यापैकी अडवतं, म्हणून बिनकागदाची घ्या आणि डोक्याचा ताप वाचवा.

बसवताना तळहाताने वर दाबत न्यायचं, प्लायवूडला टेकल्याचं हाताला कळतं, आणि मग स्टीलच्या तारा, जॉईस्टच्या अंतरापेक्षा किंचित लांब असतात, त्या वर धनुष्यासारख्या वाकवून मध्ये अडकवायच्या, दीड-दोन फुटांवर एक. फार दाबायचं नाही, गादी चेपली की आर-व्हॅल्यू पडते. वायर आली तर गादी जाडीत चिरून अर्धी वायरच्या वर, अर्धी खाली, पाइपचा नियम वायरला नाही. माझ्या सव्वासात इंचाच्या गादीखाली दोन इंच रिकामे राहिले, ते चालतात. खाली राहिलेली पोकळी माफ, वरची नाही.

ड्रायवॉल. ५/८ टाइप एक्सची ४ बाय ८ ची एक शीट साधारण ७० पाउंड, म्हणजे ३२ किलोचं पोतं डोक्यावर धरून वर बघत स्क्रू मारायचे, हे नवऱ्याला दाखवल्यावर त्याने गुपचूप ड्रायवॉल लिफ्ट भाड्याने आणली. आणाच. शीट जॉईस्टला आडव्या लावायच्या आणि गॅरेजच्या या छताला स्क्रू दर ६ इंचावर, नेहमीच्या छतासारखे १२ वर नाही. मी २ इंची वापरले. आमचं गॅरेज २० बाय २२ फूट, ४४० चौरस फुटाला हिशोबाने १४ शीट, मी १६ आणल्या आणि कापाकापीत एकच उरली. जोडांवर टेप आणि पुट्टी मारायलाच लागते, गॅरेज आहे कोण बघतंय म्हणून सोडायची नाही, तो जोड उघडा राहिला तर धूर आणि आग दोन्हीला वाट. जुने छतात घुसवलेले दिवे मी काढून टाकले आणि वरून लागणारे एलईडी लावले.

पुढच्या जानेवारीत बाहेर ८ डिग्री असताना परत थर्मामीटर लावला, त्या खोलीची जमीन ६४, कडेला ६१. पॅसेजइतकी नाही झाली, होणार पण नाही. आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली "आता मी नसताना गरम केलीस होय."

पैशांचं एक, फेडरल टॅक्सची जी ३० टक्के क्रेडिट इन्सुलेशनच्या सामानावर मिळायची ती ३१ डिसेंबर २०२५ ला संपली, तेव्हा जुने व्हिडिओ बघून तो हिशोब धरू नका, तुमच्या वीज-गॅस कंपनीची सूट मात्र विचारून बघा. वरच्या मजल्यावर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर लावा, आणि फटी बुजवल्या असल्या तरी, दार उघडं ठेवून का होईना, गॅरेजमध्ये गाडी गरम करत ठेवायची सवय असेल तर ती सोडा.

आणि ड्रायवॉल चढवायच्या आधी भिंतीवर प्रत्येक जॉईस्टची खूण पेन्सिलीने करून ठेवा. मी केली नव्हती. ओपनरचं ब्रॅकेट परत लावताना जॉईस्ट शोधत नव्या कोऱ्या छताला चार फुकटची भोकं पाडली, आणि मग परत शिडी, परत सीलंट, परत पुट्टी.